आठ महिने, तीन सिरीज आणि हजेरीबुक

मी चोपड्याला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो. आठ महिन्यांपासून रात्री जेवण झालं की मोबाईलवर अंतराळातल्या सिरीज बघतोय. द एक्सपान्सचे ६२ भाग झाले, अँडोर दोनदा झाली, स्टार ट्रेक डीप स्पेस नाइनचे १७६ भाग परवाच संपले. मित्र म्हणाला होता यात डावं राजकारण ठासून भरलंय, म्हणून लागलो नादी.

एक्सपान्स आधी बघा. शनीच्या कड्यांमधून बर्फ ओढून आणायचा बेल्टर लोकांनी, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणाऱ्या कष्टकऱ्यांनी, आणि सेरेस या त्या पट्ट्यातल्या त्यांच्या वस्तीवर त्यांच्याच पोरांना पाणी मोजून मिळणार. टँकरमागे हंडा घेऊन पळालेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि त्यांची बोली! आपसात बेल्टर बोली, पृथ्वीवाला समोर आला की साफ इंग्रजी, म्हणजे आपण घरी अहिराणी बोलतो न् पुण्याला गेलो की जीभ सांभाळून बोलतो तेच की भो. हे बघून मला खरंच भरून आलं. २०१८ ला आधीच्या चॅनलने तीन सीझनवर बंद केली होती, बरं झालं ॲमेझॉनने उचलली.

अँडोर ही स्टार वॉर्सच्या जगातली सिरीज, तिच्यातला तुरुंग म्हणजे सरळ कारखाना, बारा तासांची पाळी, कामात मागे पडलेल्या टेबलावरच्या कैद्यांना करंट. भारी आहे, पण काळीज घट्ट करून बघा.

मला सगळ्यात जास्त धरलं ते डीप स्पेस नाइनने, त्यातही १९९६ च्या बार असोसिएशन भागाने. फेडरेशनमध्ये, म्हणजे स्टार ट्रेकमधल्या पृथ्वी आणि इतर ग्रहांच्या संघात, पैशाची गरजच संपलीय म्हणे, तिथवर माणसं पोचली कशी ते नीट सांगत नाहीत, ही माझी तक्रार आहेच. पण या भागातला दारूचा बार फेरेंगी मालकाचा, फेरेंगी म्हणजे नफ्यालाच देव मानणारी परग्रहावरची जमात. मालकाचा सख्खा भाऊ रॉम तिथेच नोकर, कान पिकलेला, आजारपणाची सुट्टी नाही, शेवटी कोसळतो, आणि वरून पगारकपात. मग हाच घाबरट रॉम युनियन काढतो आणि मालकाला कम्युनिस्ट जाहीरनाम्यातली ओळ वाचून दाखवतो, जगातल्या कामगारांनो एक व्हा. शेवट मात्र मला पटला नाही, मागण्या सगळ्या मान्य पण गुपचूप, आणि युनियन कागदावर बंद. जिंकून पण लपायचं कशाला?

हा भाग बघितला त्याच आठवड्यात आमच्याकडे कापणीवरचा एक गडी चिखलात घसरला. खांद्यावर घड, घड वाचवला आणि गुडघा गेला. तीन दिवस आला नाही. हजेरीबुकात तीन खाडे मीच मारले, इतकी वर्षं मारतोय तसेच, पण या वेळी पेन थांबला. शेठला विचारलं, ते म्हणाले रोजंदारीवाल्याला कसली रे सुट्टी. मी पुढे बोललो नाही, त्याचा मला अजून त्रास होतो.

नंतर त्याच गड्याला दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर तो भाग लावून दिला, मराठी डबिंग नाही म्हणून मीच शेजारी बसून सांगत होतो. रॉम कोसळला तिथे त्याने भाकरीचा हात थांबवला, म्हणे, "हाई ते आपलीच गोट शे ना भाऊ. याले पैसा भेटनात का मंग?"

भेटले, म्हटलं. पुढचा भाग कधी लावतो विचारत होता.