नवशिक्यांना वेब शिकवण्यासाठी एमडीएन आणि व्हॅलिडेटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून आमच्या शनिवार-रविवारच्या वर्गात वेबसाइट बनवायला शिकवताना मी दोनच गोष्टी हाताशी ठेवल्या आहेत: एमडीएन वेब डॉक्स या वेब तंत्रांची माहिती देणाऱ्या साइटचा शिकण्याचा विभाग आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा व्हॅलिडेटर, म्हणजे पानाच्या कोडमधल्या चुका दाखवणारं साधन. दोन्ही मोफत आहेत. बहुतेक मुलं बारावीनंतरची, कोडिंगचा गंध नसलेली.

आपल्याकडे फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये अजूनही मजकूर मधोमध आणायला सेंटर टॅग (टॅग म्हणजे पानाचा कुठला भाग काय आहे हे सांगणारी कोडमधली खूण), रंगासाठी फॉन्ट टॅग आणि पानाची मांडणी टेबलमध्ये असते. यातले सेंटर आणि फॉन्ट पानं लिहायच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीने, एचटीएमएल ४ नेच १९९७ मध्ये टाळायला सांगितले होते. ‘आधी जुनं सोपं शिकवू, नवं नंतर’ हे मला अजिबात पटत नाही, कारण जुनं सोपं नाहीच. फ्लोट या जुन्या पद्धतीने तीन रकाने शेजारी बसवायचे तर किती खटाटोप! ग्रिड या मांडणीच्या नव्या पद्धतीत तेच दोन ओळींत होतं, आणि ग्रिड क्रोम, फायरफॉक्स, सफारीत २०१७ पासून आहे.

मुलांनी पहिलं पान आपल्या गावावर केलं, अर्थात मराठीत. त्यामुळे कॅरसेटमध्ये, म्हणजे अक्षरं कशी साठवली आहेत हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत, यूटीएफ-८ का लिहायचं हे वेगळं समजवावं लागलं नाही. ती ओळ काढली की कुणाच्या ना कुणाच्या पानावर अक्षरांचा चुराडा दिसायचाच. पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये मराठीचा कोड दिला की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे पाहून मुलं खूश.

व्हॅलिडेटर कडक आहे, पण त्याला वाचायला शिकवावं लागतं. एक टॅग बंद करायचा राहिला तरी चुकांची रांग लागते आणि नवखा घाबरतो. आमचा नियम: फक्त पहिली चूक दुरुस्त करा, पुन्हा तपासा. संदेश इंग्रजीत असल्याने नेहमीच्या चुकांचे मराठी अर्थ लिहून भिंतीवर लावले. ‘स्ट्रे एंड टॅग’ म्हणजे न उघडलेलाच टॅग बंद केलाय.

मात्र व्हॅलिडेटरने पास केलं म्हणजे पान चांगलं झालं असं नाही. सगळं पान डिव्ह या अर्थ न सांगणाऱ्या टॅगमध्ये कोंबलं, फोटोच्या ऑल्टमध्ये (फोटो न दिसणाऱ्यासाठीच्या वर्णनात) नुसतं ‘फोटो’ लिहिलं, तरी तो हरकत घेत नाही. म्हणून एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून मुलांना डोळे मिटून आपलंच पान ऐकायला सांगते. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर जायला हवं. नुसत्या मोठ्या, ठळक अक्षरांची ‘शीर्षकं’ केलेल्या पानावर तो सांगतो, पुढे शीर्षकच नाही. त्या एका तासानंतर एच१, एच२ (शीर्षकं), नॅव्ह (लिंकची यादी), मेन (मुख्य मजकूर) हे टॅग कशासाठी आहेत हे पुन्हा सांगावं लागलं नाही. फॉर्ममधल्या चौकोनाला त्याचं लेबल नीट जोडलं की शब्दावर बोट ठेवूनही चौकोनात खूण होते, हे तर मोबाइलवर लगेच कळतं.

एमडीएनवर मला सर्वांत उपयोगी वाटली ती बेसलाइनची खूण, म्हणजे एखादी सोय किती ब्राउझरांत चालते हे सांगणारी. ‘सर्वत्र उपलब्ध’ असेल तर ती सोय मुख्य ब्राउझरांमध्ये येऊन किमान ३० महिने झालेले असतात. व्हिडिओत पाहिलेला कोड घ्यायचा की नाही, हे आता मुलं स्वतः तिथे बघून ठरवतात.

एमडीएन मराठीत नाही आणि त्याचं इंग्रजी दाट आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला नुसती लिंक पाठवून भागत नाही. मी धडा आधी वाचते, वर्गात मराठीत सांगते आणि मग पान उघडते. घरी एकट्याने शिकणाऱ्या नवख्याला मी एमडीएन सुचवणार नाही. शिकवणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावं. पुढच्या बॅचला एनव्हीडीए मी पहिल्याच आठवड्यात आणणार आहे, सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, आधी.