उत्क्रांती शिकवणारा गेम हवाय? ‘सेल टू सिंग्युलॅरिटी’, फेटचे ससे की ‘थ्राइव्ह’

सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा असायचा. 2023 साली आलेल्या पुस्तकात उत्क्रांती गळाली, आनुवंशिकता तेवढी उरली. म्हणजे अकरावीला कॉमर्स घेणारं पोर डार्विनशी ओळख न होताच शाळेबाहेर पडणार, आणि बायॉलॉजीवाल्यांची गाठ थेट बारावीत पडणार. बडोद्याच्या दांडिया बाजारात शिकवणीला मुलं सोडायला येणारे पालक म्हणूनच विचारतात, “सर, मोबाइल तर हातातून सुटत नाही, निदान त्यात उत्क्रांती शिकवणारं काही आहे का?”

आहे. बहुतेकांच्या कानावर ‘सेल टू सिंग्युलॅरिटी’चं नाव आलेलं असतं, कारण प्ले स्टोअरवर तोच आधी सापडतो. पण त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी ठेवून बघायला हव्यात. दोन्ही फुकट मिळतात, आणि निदान एक तरी तुमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल.

आधी ‘सेल टू सिंग्युलॅरिटी’च घेऊ. कम्प्युटर लंच नावाच्या स्टुडिओचा हा आयडल गेम, म्हणजे आपण न खेळताही आपोआप पुढे सरकत राहणारा. स्क्रीनवर टकटक केलं की ‘एन्ट्रॉपी’ जमते. (अकरावीच्या केमिस्ट्रीत एन्ट्रॉपी शिकणाऱ्यांनी हे नाव मनावर घेऊ नये; इथे ते निव्वळ नाणं आहे.) ती खर्चून अमिनो आम्लं घ्यायची, मग डीएनए, मग पेशी. घेतलेली प्रत्येक गोष्ट दर सेकंदाला आपणहून थोडी थोडी एन्ट्रॉपी देत राहते, आणि त्यातून पुढची महागडी गोष्ट येते. मोबाइल खिशात असला तरी जमा चालूच. मुदत ठेवीचं व्याज पुन्हा ठेवीतच टाकत राहावं, तसा सगळा कारभार. मासे येतात, सरपटणारे येतात, सस्तन प्राणी येतात. माणूस आला की ‘आयडिया’ नावाचं दुसरं चलन सुरू होतं आणि गाडी अश्मयुगातून निघून थेट भविष्यातल्या महाबुद्धिमान यंत्रांपर्यंत जाते. तिथे पोहोचलं की सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात, फक्त आता आधीच्या फेरीत मिळालेल्या ‘मेटाबिट’ या बक्षिसाच्या जोरावर वेग वाढलेला. डायनासोरांसाठी ‘मेसोझोइक व्हॅली’ हा वेगळा भाग आहे, आणि लहान मुलं तिथेच रमतात.

याची जमेची बाजू मोठी आहे. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार ओळींची माहिती येते, चित्रं देखणी आहेत, आणि कशानंतर काय आलं याचा ढोबळ क्रम डोक्यात पक्का बसतो. आठवीतला मुलगा जेवता जेवता “युकॅरिओट म्हणजे नक्की काय हो?” असं विचारतो (केंद्रक असलेल्या पेशींचा जीव) तेव्हा गेमचं अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं तुमच्याकडे, कारण ती माहिती इंग्रजीत आहे आणि एन्ट्रॉपी जमवायच्या घाईत ती वाचायची सक्ती कोणी करत नाही. पैशांचं म्हणाल तर गेम फुकट आहे; पण वेळ वाचवायला ‘डार्विनियम’ नावाचं गेममधलं चलन खऱ्या पैशांनी विकत घेता येतं आणि जाहिरात बघून बक्षीसही मिळतं. तेव्हा मुलाच्या हाती देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या गेममध्ये प्राणी विकत मिळतो. किंमत भरली की तो हजर. तो का टिकला, त्याच्याच जातीतले बाकीचे का गेले, याचा जाब कोणी विचारत नाही. त्यामुळे मुलांच्या मनात उत्क्रांतीचा जिना तयार होतो: खालच्या पायरीवर जंतू, वरच्या पायरीवर आपण, आणि सगळ्यांची धडपड वर चढायची. जंतू आजही जिवंत आहेत आणि त्यांचं उत्तम चाललंय, हे त्या जिन्यावरून दिसत नाही. काळाचं गणितही आवळलेलं आहे. पृथ्वी साधारण 454 कोटी वर्षांची, त्यावरची जीवसृष्टी निदान 350 कोटी वर्षांची, आणि अनेकपेशीय प्राण्यांचा ठळक पसारा गेल्या 60 कोटी वर्षांतला. म्हणजे जीवनाच्या इतिहासातले पाचातले चार भाग सूक्ष्मजीवांचेच. गेममध्ये तो काळ पहिल्याच संध्याकाळी उरकतो.

आता ससे. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसचा, विज्ञानाची सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) बनवणारा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये तो सुरू केला. त्यातलं ‘नॅचरल सिलेक्शन’ हे सिम्युलेशन ब्राउझरमध्ये उघडतं. खातं नको, जाहिरात नाही, एकदा उतरवून घेतलं तर इंटरनेटही नको.

पडद्यावर एकटाच पांढरा ससा असतो. बटण दाबून त्याला जोडीदार द्यायचा, की पिढ्या सुरू. मग तपकिरी केसांचं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, टाकायचं. ते प्रभावी (एकाच पालकाकडून आलं तरी दिसणारं) ठेवायचं की अप्रभावी (दोघांकडून आलं तरच दिसणारं), हे आपण ठरवायचं. अप्रभावी ठेवलं तर काही पिढ्या सगळे ससे पांढरेच दिसतात. मुलं वैतागून “सर, हे बिघडलंय” म्हणतात आणि तेवढ्यात एक तपकिरी पिल्लू टुणकन बाहेर येतं. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पाठ करून जे डोक्यात शिरत नाही ते त्या पिल्लाने शिरतं. मग लांडगे सोडायचे. बर्फाळ प्रदेशात तपकिरी ससे झरझर कमी होतात. तेच लांडगे विषुववृत्तावरच्या मातकट जमिनीवर सोडले तर पांढऱ्यांवर पाळी येते. चारा कडक केला की लांब दातांचे ससे पुढे जातात. लोंबत्या कानांचं काय? काही नाही. लांडग्याला कानांशी देणंघेणं नसतं, आणि प्रत्येक बदल फायद्याचाच असतो असं नाही हे त्या कानांवरून फार छान सांगता येतं. लांडगे काढा, चारा भरपूर ठेवा, तर ससे बेसुमार वाढून पृथ्वी व्यापतात आणि सिम्युलेशन थांबतं.

एक गोष्ट मात्र पालकाने सांभाळायला हवी. उत्परिवर्तन इथे आपण बटण दाबून आणतो. मुलाने आधी लांडगे सोडले आणि मग तपकिरी रंग टाकला, तर “गरज पडली म्हणून रंग बदलला” असा नेमका उलटा धडा तो घेईल. म्हणून आधी रंग, चार-पाच पिढ्या जाऊ द्यायच्या, मग लांडगे. बदल आधीपासूनच होता, लांडग्यांनी फक्त निवड केली, हे तेव्हाच दिसतं.

सशांची मर्यादा सरळ आहे: तासाभरात सगळं बघून होतं. बक्षीस नाही, पुढची पातळी नाही, उद्या पुन्हा उघडायचं कारण नाही. शेजारी बसून “आता काय होईल, सांग” असं विचारणारं मोठं माणूस लागतं. मुलाला एकट्याने गुंतवून ठेवायचं असेल तर ससे तुमच्या कामाचे नाहीत.

तिसरा ‘थ्राइव्ह’. हौशी लोकांनी मिळून, मुक्त स्रोत पद्धतीने चालवलेला कॉम्प्युटर गेम. 2008 साली आलेल्या ‘स्पोअर’ या उत्क्रांतीवरच्या गेममध्ये विज्ञान पातळ झालं असं वाटणाऱ्यांनी तो हाती घेतला. गेम विकणाऱ्या स्टीम या साइटवर विकत, त्यांच्या स्वतःच्या साइटवर फुकट. सुरुवात समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी, एका साध्या पेशीपासून. पोहून ग्लुकोज, अमोनिया, फॉस्फेट गोळा करायचं. पुरेसं जमलं की पेशी दुभंगायला तयार होते आणि एडिटर उघडतो. तिथे ठरावीक ‘म्युटेशन पॉइंट’मध्ये नवं अंगक (पेशीच्या आतला छोटा अवयव) बसवायचं की पेशीचा पडदा बदलायचा, हा हिशेब करायचा. प्रत्येक गोष्टीला ऊर्जा लागते, त्यामुळे हावरटपणा केला की पेशी उपाशी मरते. आपण एडिटरमध्ये असताना बाकीच्या जातीही बदलत असतात. अभ्यासू मुलासाठी तिघांत हाच सगळ्यात खोल. पण पहिले दोन-तीन तास रटाळ जातात, पेशीपलीकडचे टप्पे अजून घडत आहेत, आणि साध्या मोबाइलवर हा चालत नाही. बाकी जास्त लिहीत नाही. ज्याला हा आवडेल तो स्वतःच शोधून काढेल.

मग घ्यायचं काय? दहा-अकरा वर्षांचं मूल असेल आणि त्याला विषयाची गोडीच लावायची असेल, तर ‘सेल टू सिंग्युलॅरिटी’ बिनधास्त द्या. गोडी आधी, चुका नंतर दुरुस्त करता येतात. दहावीचं असेल तर माझं मत ससे, तेही तुम्ही सोबत बसणार असाल तर. रविवारचा एक तास पुरतो. बारावी-नीटवाल्याने आयडल गेमच्या वाटेला जाऊ नये. हार्डी-वाइनबर्गचं सूत्र (निवड वगैरे नसेल तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं, असं सांगणारं) घोकण्याआधी सशांचे प्रमाणाचे आलेख बघावेत, लांडगे नसताना ते कसे राहतात आणि असताना कसे झुकतात ते. ‘थ्राइव्ह’ त्याला परीक्षेनंतरच्या सुट्टीत.

‘सेल टू सिंग्युलॅरिटी’ निवडलात तर जिन्याचा गैरसमज काढायला आपल्या बडोद्यात सोय आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. सगळे त्याची लांबी बघून पुढे सरकतात. देवमाशाचा पुढचा पर बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो, पण आतून दंडाचं हाड, पुढच्या हाताची दोन हाडं आणि बोटांची पेरं असा आपल्या हाताचाच नकाशा आहे. ती हाडं मुलाला दाखवा आणि विचारा, पोहणाऱ्याला बोटं कशाला? जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांचे वंशज पुन्हा पाण्यात गेले, त्याची ही खूण. त्या वाटेवरच्या एका जुन्या देवमाशाचे, कच्छिसेटसचे, जीवाश्म आपल्याच कच्छमध्ये मिळाले आहेत. पाण्यातून जमिनीवर आणि तिथून परत पाण्यात, हे जिन्यावर बसत नाही.

आणि डायनासोरवेडं पोर असेल तर ‘मेसोझोइक व्हॅली’ संपायची वाट बघू नका. बालासिनोरजवळचं, डायनासोरच्या जीवाश्मांसाठी ओळखलं जाणारं रैयोली गाडीने जाऊन-येऊन एका दिवसात होतं, आणि 2003 मध्ये नाव मिळालेला राजासॉरस नर्मदेन्सिस हा डायनासोर तिथल्याच मातीतला. उन्हाळ्यात नेऊ नका, तिथे सावली कमी आहे.