पिवळी चिकट कार्डं: कुंड्यांतल्या चिलटांवर अर्धा इलाज

सांगलीत कृषी सेवा केंद्रात शिरलं की माल सगळा द्राक्षाचा. मार्केट यार्डाजवळच्या दुकानात पिवळी चिकट कार्डं मागितली, तर काउंटरवरच्या पोराचा पहिला प्रश्न, "काकू, द्राक्षाला का डाळिंबाला?" म्हटलं, "गॅलरीतल्या कुंड्यांना." हसला, पण माल बरोबर दिला. निळी कार्डं फुलकिड्यांसाठी, तुम्हाला पिवळीच पाहिजेत, हे त्यानंच सांगितलं. दहाचं पाकीट दीडशेच्या आत आलं.

कार्ड शेतासाठी बनवलेलं, त्यामुळं कुंडीत ते दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. कात्रीला गोडेतेल लावून चार तुकडे केले आणि खराट्याच्या काडीला अडकवून मातीलगत खोचले. सोबतच्या तारा कुचकामी, लगेच वाकतात. उंच टांगायच्या भानगडीत पडू नका; ही काळी चिलटं उडायला आळशी, मातीवरच घुटमळतात. डिंक मात्र झकास. मनीप्लांटमधला तुकडा दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी भरलेला बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण कार्डावर अडकतात ती मोठी झालेली चिलटं. ती आठवडाभर जगतात, चावत नाहीत, झाडालाही काही करत नाहीत. फक्त मरायच्या आधी ओल्या मातीत ढीगभर अंडी घालतात. मुळं कुरतडते ती अळी: पारदर्शक अंग, काळं चकचकीत डोकं. बघायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटा. कढीपत्त्याच्या कुंडीत साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, खत म्हणून भरपूर घातलेलं. तिथल्या चकतीखाली नुसती वळवळ!

अळीसाठी दुकानात 'बीटी' (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर) दाखवतील. ती बहुतेक कुर्स्टाकी जातीची असते, म्हणजे घाटेअळीसारख्या पतंगांच्या अळ्यांसाठी. चिलटांना ती चालत नाही. इस्रायलेन्सिस लागते, डासांच्या अळ्यांवर वापरतात ती. पाकिटावरचं नाव चष्मा लावून वाचा. शिवाय ती मातीत फार टिकत नाही, आठवड्याच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. मी त्या वाटेला गेले नाही. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं, एवढंच धरलं. अंड्याचं चिलट व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढा धीर लागतो. मग कार्डावरचे ठिपके कमी व्हायला लागले. आमच्या ह्यांची रोज सकाळी प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओतायची सवय मोडणं जास्त अवघड गेलं.

आता तक्रार. भिंतीलगतच्या कार्डाला पालीचं पिल्लू चिकटलं. खोबरेल चोळून चोळून सोडवलं, शेपूट तिथंच राहिली. पाकिटावर याबद्दल एक ओळ नाही. पाचातला एक तारा त्यासाठी कापलाय.