ट्रॉली, झूम की गिंबल? लघुपट करणाऱ्यांसाठी तुलना

पात्राच्या चेहऱ्याकडे हळूहळू सरकणारा शॉट ट्रॉलीवर, म्हणजे कॅमेरा वाहून नेणाऱ्या रुळांवरच्या गाडीवर, घ्यावा की लेन्सच्या झूमवर भागवावे, हा प्रश्न लघुपट करणाऱ्यांपुढे बहुधा पैशांच्या निमित्ताने येतो; परंतु या दोन पद्धतींनी पडद्यावर येणारे चित्रच वेगळे असल्यामुळे खर्चाचा हिशेब त्यानंतर मांडणे योग्य ठरेल.

समजा, पात्र कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर बसले आहे आणि त्याच्या मागे आणखी ४ मीटरवर, भिंतीवर एक कॅलेंडर आहे. झूमने चेहरा दुप्पट मोठा केला, तर कॅलेंडरही दुप्पट होते, कारण कॅमेरा जागचा हललेलाच नसतो. ट्रॉली २ मीटर पुढे नेली, तर चेहरा दुप्पट होतो, कॅलेंडर मात्र सुमारे १.३ पटच वाढते. चेहरा पार्श्वभूमीपासून असा सुटा झाल्यामुळे प्रेक्षकाला आपण त्या माणसाजवळ गेल्यासारखे वाटते; झूममध्ये तो दूरूनच निरखत राहतो. दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात (१९५८) भोवळीचा जो परिणाम साधला आहे, तो या दोन्ही हालचाली परस्परविरुद्ध दिशांना एकाच वेळी करून.

म्हणून भावनिक क्षणासाठी मी ट्रॉलीच सुचवीन. तिला रूळ, जमीन समपातळीत आणण्यासाठी पाचरी, वेळ आणि बदलत्या अंतरानुसार फोकस सांभाळणारा सहायक लागतो, हे खरे. पाळत किंवा एकाएकी लक्ष वेधणे दाखवायचे असेल, तर झूम अधिक नेमका आहे. मात्र स्थिरचित्रणाच्या अनेक लेन्सचा फोकस झूम करताना सुटतो आणि मोबाइलचा डिजिटल झूम म्हणजे निव्वळ कातरलेले चित्र असते.

अरुंद बोळात किंवा जिन्यावर, जिथे रूळ बसतच नाहीत, तिथे गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर राखणारे हातात धरायचे उपकरण, घ्यावा. तीन अक्षांचा गिंबल कॅमेऱ्याचे कलणे आणि वळणे सावरतो, पावलांबरोबरचे वरखाली होणे मात्र पुरते थांबवत नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून चालण्याचा सराव करावा लागतो. गिंबलशिवाय नुसता हातात धरलेला कॅमेरा वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर निभावतो, टेलीवर (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सवर) प्रत्येक थरथर मोठी होऊन दिसते.

चौथा पर्याय बिनखर्चाचा आहे: कॅमेरा हलवायचाच नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतांश स्थिर असून लांबून, सलग पाहत राहतो. अभिनय पक्का असेल, तर पहिली तालीम ट्रायपॉडवर चित्रित करून पाहावी आणि चौकट तोकडी पडली, तरच ट्रॉली मागवावी.