महिला गटात ट्रान्स खेळाडूचा अर्ज आला तर: मंडळापुढच्या तीन वाटा

शिमगा सरला की गुहागर-दापोलीकडे वाडीवाडीत कबड्डीची मैदानं आखली जातात. महिला गटात ट्रान्स खेळाडूचा, म्हणजे जन्माने मुलगा ठरलेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या खेळाडूचा, अर्ज आला तर काय करायचं, हे सामन्याच्या दिवशी माईकवर नव्हे, प्रवेशअर्ज छापण्याआधी ठरवा.

ती स्वतःला स्त्री म्हणते, तेवढं पुरे, ही पहिली वाट. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण महिला गट वेगळा काढला तो ओळखीसाठी नाही, शरीरासाठी. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने पुरुषाची उंची, हाडं, स्नायू वाढतात. नुसत्या धावण्यातही अव्वल पुरुष आणि स्त्रियांमध्ये 10 ते 12 टक्क्यांचा फरक असतो.

दुसरी वाट औषधाने टेस्टोस्टेरॉन उतरवण्याची. ऑलिंपिक समितीने 2015 मध्ये 10 नॅनोमोल प्रति लिटर ही मर्यादा घातली होती. पण वर्षभराच्या उपचाराने ताकद थोडीच उतरते, उंची तर तशीच राहते. शिवाय रक्ताचे रिपोर्ट वाचायला मंडळात डॉक्टर नसतो, आणि ते कागद गावभर फिरायला वेळ लागत नाही.

तिसरी वाट, पुरुष म्हणून वयात आलेल्यांना महिला गट नाही. जागतिक जलतरण संघटनेने 2022 मध्ये, अ‍ॅथलेटिक्स आणि क्रिकेटने 2023 मध्ये हीच धरली. चढाईवाली मध्यरेषेकडे झेपावते तेव्हा तिच्या घोट्याला लटकलेल्या पोरीची कोपरं तांबड्या मातीवर सोलत जातात. ही ओढ मी जवळून पाहिली आहे, म्हणून मोठ्या मुलींच्या कबड्डीला मला हीच वाट न्यायाची वाटते. बारा वर्षांखालच्यांना मात्र हा नियम लावूच नका, तिथे फरक नगण्य असतो.

आणि संशयावरून कुणाचीही तपासणी नको. धावपटू शांती सौंदराजनचं 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. ती ट्रान्स नव्हती, मुलगी म्हणूनच वाढली होती. आवाज जाड म्हणून आपल्याच वाडीतल्या पोरीकडे बोट दाखवलं गेलं, तर ती पुन्हा मैदानात येईल का?

नकार द्यायचा तर जागाही द्या: पुळणीवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूतल्या, शर्यतीत खुला गट, बक्षीस महिला गटाइतकंच. तिने मागितलं होतं ते हे नव्हे. म्हणून सचिवांनी स्वतः तिच्या घरी जावं, ओटीवर बसून तिच्याशी बोलावं, आणि अर्ज तिच्या हातात परत द्यावा.