वीज गेलेली ती रचना : बिल एव्हन्स ट्रायोचा व्हिलेज व्हॅनगार्ड संच, चौदा महिन्यांनंतर

पहिली सीडी लावली, निवेदन संपले, ‘ग्लोरियाज स्टेप’ सुरू झाले आणि ऐन रंगात आवाज तुटला. क्षणभराने तो परत आला, वादन पुढे गेले, मी मात्र तिथेच अडकलो. त्या एका तुटण्यापायी मी पुढचे सात आठवडे वाया घालवले आणि 990 रुपये खर्च केले. त्यामुळे या संचाविषयी लिहिताना सुरुवात संगीतापासून न होता त्या खर्चापासून होणार, हे वाचकांनी समजून घ्यावे.

संच कोणता हे जॅझ ऐकणाऱ्यांना सांगायला नकोच. 25 जून 1961 या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पियानोवर बिल एव्हन्स, डबल बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशियन या ट्रायोने, म्हणजे त्रिकुटाने, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन अशी पाच सत्रे वाजवली. ती सगळी, वाजली त्याच क्रमाने, तीन सीडींवर आणणारे हे 2005 सालचे पुनर्प्रकाशन. या ध्वनिमुद्रणातून निवडलेल्या रचनांच्या दोन सीडी माझ्याकडे आधीपासून होत्या. मुंबईतल्या काळा घोड्याचे रिदम हाउस हे संगीताचे दुकान 2016 साली बंद झाले, त्याच्या बऱ्याच आधी तिथूनच त्या घेतल्या होत्या. त्या आवृत्त्यांमध्ये मूळ एलपी तबकड्यांवर नसलेली पर्यायी वादनेही जोडलेली असल्यामुळे संचातले बहुतेक सगळे संगीत माझ्या कपाटात होतेच. म्हणजे 3,900 रुपये मोजून मी मुख्यतः क्रम विकत घेत होतो. त्याखेरीज थोडी निवेदने, पुढे काय वाजवायचे याविषयी वादकांची एक कुजबुज, आणि पूर्वी माझ्याकडे नसलेले ‘ग्लोरियाज स्टेप’चे पहिले वादन एवढेच नवे मिळणार होते. घरात हा व्यवहार समजावून सांगणे अवघड गेले. त्यात नेमके ते नवे वादनच तुटके निघावे, याला काय म्हणावे!

पहिला संशय अर्थातच प्लेअरवर गेला. माझा सीडी प्लेअर एकोणीस वर्षांचा आहे आणि पावसाळ्यात त्याची भिंग अधूनमधून रुसते. दुरुस्ती करणाऱ्याने घरी येऊन झाकण उघडले, भिंग पुसली, 650 रुपये घेतले आणि जाताना प्लेअर उत्तम स्थितीत असल्याचे सांगितले. सीडी पुन्हा लावली तर आवाज त्याच जागी तुटला. मग दोष सीडीचाच, हे माझ्या लेखी सिद्ध झाले आणि ऑनलाइन विक्रेत्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्याने खोका उघडतानाची चित्रफीत मागितली. ती मी केली नव्हती, आणि साठी ओलांडलेल्या माणसाने संगीताचा खोका उघडताना स्वतःचे चित्रण करावे ही अपेक्षाच मला अपमानास्पद वाटली, हेही मी त्याला सविस्तर कळवले. अखेर बदली संच देण्याचे त्याने कबूल केले, मात्र परतीचा टपालखर्च, 340 रुपये, माझ्या माथी मारला.

बदली संच आला. आवाज त्याच जागी, तेवढाच तुटला. मी तिसरे आणि सर्वांत लांब पत्र लिहिले. उत्तरादाखल एकही शब्द न लिहिता त्याने रचनांच्या यादीचे छायाचित्र पाठवले. ‘ग्लोरियाज स्टेप’पुढे कंसात छापलेल्या ‘पहिले वादन, खंडित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. ते शब्द माझ्याही प्रतीवर होते, दोन्ही प्रतींवर होते. सीडीच्या आकारात कोंबलेला तसला मजकूर मी गेली दहा वर्षे चष्मा बदलायला नको म्हणून वाचतच नाही, हा काटकसरीचा आणखी एक हिशेब इथे उलटा पडला.

झाले होते ते इतकेच, की त्या दुपारी वीज गेल्यामुळे ध्वनिमुद्रण मध्येच खंडित झाले होते. जो माणूस भारनियमनाचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून अनेक उन्हाळे काढतो, त्याला आवाज गेल्यावर भिंग सुचते, सीडी सुचते, विक्रेत्याची लबाडी सुचते, आणि वीज तेवढी सुचत नाही, हे मला अजूनही नीटसे उलगडलेले नाही.

यानंतर मी रागाने हा संच महिनाभर कपाटात ठेवला, आणि त्या काळात माझे मत असे होते की खंडित वादन संपूर्णतेच्या नावाखाली खपवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या हौसेचा फायदा घेणे आहे. निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी 1961 साली पहिली एलपी काढताना हे वादन बाजूला ठेवले, ते योग्यच होते असे मी तेव्हा म्हणत होतो. एलपीसाठी ते आजही योग्य वाटते. पण गणपतीनंतरच्या एका रविवारी, घरात कोणी नसताना, मी पाचही सत्रे ओळीने ऐकली, आणि तिथे माझ्या मताला पहिला तडा गेला.

निवडक रचनांच्या सीडीवर एकाच रचनेची दोन वादने पाठोपाठ ठेवलेली असतात. ती ऐकताना आपण परीक्षक होतो, हे चांगले की ते चांगले एवढेच ठरवत बसतो. संचात मात्र ‘ऑल ऑफ यू’ दुपारी एकदा येते, संध्याकाळी पुन्हा येते आणि रात्री शेवटच्या सत्रात तिसऱ्यांदा येते. मध्ये दुसऱ्या रचना, विश्रांती, ग्लासांचा किणकिणाट आणि टेबलांवरच्या गप्पा गेलेल्या असतात. दुपारी मांडलेली कल्पना रात्री कुठवर गेली हे असे अंतर मध्ये असल्याशिवाय कळत नाही. एकच राग एका गायकाकडून एकाच दिवशी तीनदा ऐकण्याचा योग आपल्या मैफलींत सहसा येत नाही, म्हणून मला याची सवय नव्हती. गप्पांचा आवाजही सुरुवातीला खटकला, हेडफोनवर तर फारच. ‘माय फूलिश हार्ट’सारखे हळुवार वादन चालू असताना लोक खुशाल बोलत आहेत, ग्लास वाजवत आहेत, हे पुण्यातल्या श्रोत्याला सहन होणे कठीणच. आता मात्र त्या किणकिणाटाशिवाय तेच वादन कसे लागेल याची मला कल्पना करवत नाही.

खरी गोष्ट लाफारोची आहे. ‘ग्लोरियाज स्टेप’ त्याचे, आणि संचाच्या अखेरीस लागोपाठ दोनदा येणारे ‘जेड व्हिजन्स’ही त्याचेच. त्याचा बेस पियानोला केवळ आधार देत उभा राहत नाही, तो मध्येच बोलतो, उलट उत्तर देतो, कधी पियानोला थांबायला लावतो. या रविवारनंतर अकराव्या दिवशी, 6 जुलै 1961 रोजी, मोटार अपघातात तो गेला. तो 25 वर्षांचा होता. या ट्रायोचे यानंतरचे ध्वनिमुद्रणच नाही. एव्हन्स त्यानंतर काही महिने जवळजवळ वाजवेनासा झाला होता. हे सगळे मला आधीपासून ठाऊक होते, पण त्या दिवसाची सुरुवातही लाफारोच्याच रचनेने झाली होती आणि नेमके तिचेच ध्वनिमुद्रण खंडित झाले, हे या क्रमात ऐकल्यावरच अंगावर आले. दुपारी जे हुकले ते संध्याकाळच्या आणि रात्रीच्या ‘ग्लोरियाज स्टेप’मध्ये सापडते का, हे शोधत मी ती तिन्ही वादने गेल्या काही महिन्यांत किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. दुसरे अधिक बांधेसूद आहे, पण मला तुटलेलेच अधिक आवडू लागले आहे.

म्हणून संचावरचे सगळे आक्षेप मागे घेतले असे कोणी समजू नये. तिसऱ्या सीडीवर पाऊण तासापेक्षाही कमी संगीत आहे आणि मला ते अजून सलते. एकही सत्र दोन सीडींमध्ये तोडलेले नाही, त्यामुळे तिसरी सीडी आखूड राहणे अपरिहार्य होते, हे मान्य. पुस्तिकेचा टंक बारीक आहे, पण तो या आकाराच्या प्रत्येक संचाचा रोग आहे, आणि त्यावर आता मी 120 रुपयांचे भिंग आणले आहे. निवेदनांचे तुकडे प्रत्येक वेळी ऐकवत नाहीत, रिमोट हाताशी ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे त्या दोन सुट्या सीडी नाहीत त्यांनी थेट हा संच घ्यावा. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एखाद्या मित्राकडून आणून एक संपूर्ण दिवस ऐकावा, आणि मग खिशाकडे पाहावे.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची यादी सहज चाळत होतो. मी परत पाठवलेली पहिली प्रत तिथे ‘उघडलेली, सुस्थितीत’ अशा शेऱ्यासह विक्रीला आहे, नव्या संचापेक्षा 900 रुपयांनी स्वस्त.