वाघोलीचे जड पाणी आणि सॉफ्टनरचे नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरात आम्ही वाघोलीतील आमच्या रो-हाउसला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याची जडता काढणारे यंत्र, बसवला. तेव्हापासून पाण्याची जडता, लागलेले मीठ आणि झालेला खर्च यांची नोंद मी एका वहीत ठेवत आलो आहे. हा अनुभव त्या वहीच्या आधारे लिहीत आहे, कारण यंत्र घेण्यापूर्वी मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कोणीही मला आकडा सांगू शकले नव्हते.

आमच्या वसाहतीला बोअरचे पाणी आहे आणि उन्हाळ्यात त्याला टँकरची जोड द्यावी लागते. पुण्याच्या पूर्वेकडचा हा सगळा भाग काळ्या पाषाणाचा आहे. बेसाल्टच्या भेगांमधून मुरत जाणारे पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते, आणि खडकात ते जितका अधिक काळ राहते तितके साधारणपणे जड होत जाते. माझी आई पेठेत राहते. तिच्याकडे येणारे खडकवासल्याचे पाणी मुळात सह्याद्रीवर पडलेला पाऊस आहे. त्याची जडता मी मोजली तेव्हा लिटरला ६० मिलिग्रॅम आली. त्याच आठवड्यात आमच्या बोअरची ४८० होती. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस १०५००, २०० पर्यंतची जडता योग्य मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. म्हणजे आमचे पाणी त्याज्य नव्हते. पण साबणाला फेस येत नव्हता, टॉवेल पापडासारखे कडक होत होते आणि दोन वर्षांच्या गीझरच्या कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर बसला होता.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. टीडीएस मीटर जडता दाखवत नाही. तो पाण्यातील सर्वच विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, आणि त्यांपैकी कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे त्यातून कळत नाही. जडतेसाठी थेंबांची चाचणी मिळते: मोजून घेतलेल्या पाण्यात रंगद्रव्य घालायचे आणि लालसर रंग जाऊन निळा येईपर्यंत संचातल्या द्रावणाचे थेंब मोजत टाकायचे. माझ्या संचात एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. पाच मिनिटांचे काम आहे. एका विक्रेत्याने मात्र आमच्या पाण्यात विजेच्या दोन सळया बुडवून ते तपकिरी करून दाखवले आणि ‘ही तुमच्या पाण्यातली घाण’ असे सांगितले. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. अशा प्रयोगावर विसंबून कोणीही यंत्र घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या यंत्रात २५ लिटर रेझिन आहे. त्याचे मणी पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की यंत्र मिठाच्या पाण्याने स्वतःला धुऊन घेते आणि पुन्हा कामाला लागते. या एका धुण्याला सुमारे साडेतीन किलो मीठ लागते आणि दीडशे लिटरच्या आसपास पाणी वाहून जाते. केव्हा धुवायचे हे यंत्र त्यात भरलेल्या जडतेच्या आकड्यावरून ठरवते, आणि बसवणाऱ्या कारागिराने त्या जागी टीडीएसचा आकडा, म्हणजे ७८०, भरून ठेवला होता. त्यामुळे गरज नसताना यंत्र दर तिसऱ्या दिवशी धुतले जात होते आणि पहिल्याच महिन्यात जवळजवळ ४० किलो मीठ संपले. थेंबांच्या चाचणीने चूक लक्षात आली. आकडा ४८० केल्यावर तेच काम २५ किलोत भागू लागले.

मीठ कमी झाले तरी मिठाचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न उरलाच. सुरुवातीला ते मागच्या अंगणातील चरीत सोडले होते आणि दोन महिन्यांत तेथील कढीपत्ता पानगळ होऊन उभाच्या उभा वाळू लागला. शिवाय आमच्याच अंगणात मुरलेले मीठ शेवटी आमच्याच बोअरच्या पाण्याकडे जाणार, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. म्हणून ते पाणी मैलावाहिनीला जोडले आणि डिसेंबरात प्लंबरकडून फ्लश, बाग व ओट्यावरचा नळ यांची लाइन वेगळी करून घेतली. आता मृदू पाणी फक्त न्हाणीघरे, गीझर आणि वॉशिंग मशीनला जाते आणि मीठ महिन्याला १४–१५ किलोवर आले आहे.

ओट्यावरचा नळ वेगळा करण्यामागे आणखी एक कारण होते. ४८० ची जडता काढताना लिटरमागे सुमारे २२० मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते, आणि घरात रक्तदाबाचे पथ्य पाळणारी वडीलधारी मंडळी आहेत. पिण्यासाठी आणि डाळ शिजवण्यासाठी आम्ही पूर्वीपासून आरओचे पाणी वापरतो. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे येथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण आमची डाळ मऊ शिजते त्याचे श्रेय सॉफ्टनरला नाही. सॉफ्टनर टीडीएसही कमी करत नाही आणि जंतूही मारत नाही.

जिथे त्याचा उपयोग आहे तिथे मात्र तो मनापासून समाधान देणारा आहे. कपड्यांची पावडर निम्म्यावर आली. जूनमध्ये गीझर उघडला तेव्हा कॉइलवर नखाने निघेल एवढाच पातळ थर होता. शॉवरच्या जाळीतला जुना क्षार आपोआप गेला नाही. ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवावी लागली, पण त्यानंतर छिद्रे बुजलेली नाहीत. अंगाला साबण राहिल्यासारखा बुळबुळीतपणा वाटतो, त्याची सवय व्हायला पंधरा दिवस लागले. मुलीच्या केसांचा राठपणा कमी झाला आहे. केस गळणे थांबते असे विक्रेते सांगतात, तसे आमच्या घरात काही दिसले नाही.

उन्हाळ्यात बोअर ५६० वर गेली आणि टँकरचे पाणी कधी ३०० तर कधी ६०० निघाले, म्हणून एप्रिल-मेमध्ये दर टँकरला चाचणी करून आकडा बदलावा लागला. पावसाळा लागताच मिठाच्या टाकीत वरच्या बाजूला कडक पापुद्रा धरला. त्याच्याखाली पोकळी राहून पाण्यात मीठ विरघळेनासे झाले आणि दोन दिवस घरभर जड पाणी आले. आता आठवड्यातून एकदा लाकडी दांड्याने मीठ हलवतो. सध्या बोअर ३६० वर आहे.

यंत्राला ४८ हजार रुपये लागले. लाइन वेगळी करताना न्हाणीघराच्या भिंती फोडून फरशा बदलाव्या लागल्या, त्याचे १७ हजार वेगळे. ज्यांचे बांधकाम अजून चालू आहे त्यांनी गच्चीवरून खाली येणाऱ्या दोन स्वतंत्र लाइन प्लंबरला आजच टाकायला सांगाव्यात. त्या वेळी केवळ पाइपचेच काय ते पैसे पडतील.